रानातल्या झाडांचा बायोमास आणि कार्बन कसा मोजायचा: नाशिकच्या पश्चिम पट्ट्यासाठी टप्प्याटप्प्याने

पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक, इगतपुरी या भागातून ग्रामसभा, विद्यार्थी आणि संस्था यांचे कार्बनचे अहवाल येतात. त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. घेर व्यासाच्या जागी टाकलेला असतो, उतारावरचा प्लॉट (मोजणीसाठी आखलेला नमुन्याचा तुकडा) सपाट धरलेला असतो, आणि राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या सोलून काढलेला सादडा भरल्या झाडासारखा मोजलेला असतो. एक्सेलमधलं सूत्र बहुतेकांचं बरोबरच असतं. आकडा बिघडतो तो रानातच, आणि तिथं बिघडलेला आकडा घरी बसून दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात गणितापेक्षा आखणी आणि मोजणीवर जास्त भर आहे.

इथं फक्त झाडांचा हिशोब आहे. बायोमास म्हणजे झाडाचं पूर्ण वाळल्यावरचं वजन, आणि कार्बन हा त्याचा एक भाग. पालापाचोळा आणि माती यांचा कार्बन वेगळा मोजावा लागतो आणि मातीसाठी प्रयोगशाळा लागते. ते जमणार नसेल तर अहवालात "फक्त झाडं" असं स्पष्ट लिहा. झाडांच्या आकड्यात मातीचा अंदाज मिसळून एकच मोठा आकडा देऊ नका.

टप्पा १: नेमकं काय मोजायचंय ते आधी लिहून काढा

एका कागदावर तीन गोष्टी लिहा: क्षेत्र किती हेक्टर, कमीत कमी किती जाडीचं झाड धरायचं, आणि शेवटचा आकडा साठ्याचा हवा की वाढीचा.

तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यात जास्त घोळ होतो. एकदा मोजलं की कळतो तो साठा, म्हणजे आज त्या रानात किती कार्बन उभा आहे. तो "दरवर्षी शोषला जाणारा" कार्बन नव्हे. वर्षाची वाढ हवी असेल तर तेच प्लॉट काही वर्षांनी पुन्हा मोजून फरक काढावा लागतो. साठ्याचा आकडा "आमचं जंगल वर्षाला इतके टन शोषतं" असा छापलात, तर जाणकार माणूस पुढचं पान उलटणार नाही.

टप्पा २: परवानगी आणि हंगाम

क्षेत्र नाशिक पूर्व वन विभागात येतं की पश्चिम, ते आधी बघा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी कळवा. सामूहिक वनहक्काचं क्षेत्र असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. बोरगड, अंजनेरी यांसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रांत वेगळी परवानगी लागते. आपण एकही झाड तोडणार नाही, फक्त टेप लावणार, हे अर्जात लिहिलं की काम लवकर होतं.

हंगाम निवडताना थोडी ओढाताण होते. दिवाळीनंतर पान असतं, त्यामुळे झाड ओळखता येतं, पण गवत कमरेएवढं असतं आणि शेंडा दिसत नाही. माघ-फाल्गुनात साग उघडा पडतो आणि उंची छान मोजता येते, पण निष्पर्ण झाडं ओळखायला सालीची चांगली जाण लागते. शिवाय वणव्याचे दिवस सुरू होतात. माझ्या मते मार्गशीर्ष-पौष हा मधला काळ बरा. पुढच्या वेळी मोजताना मात्र तोच महिना धरा. पावसानंतर खोड आणि साल पाणी धरून फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. एकदा कार्तिकात आणि एकदा चैत्रात मोजलंत तर झालेली वाढ कमी भासेल.

टप्पा ३: साहित्य

कापडी किंवा फायबरचा टेप (शिंप्याचा टेप ताणला जातो, तो नको), ५० मीटरचा लांब टेप, होकायंत्र, क्लायनोमीटर (चढउताराचा कोन मोजायचं साधन), ओळंबा, सुतळी, पाच खुंट्या, गेरू किंवा खडू, आणि १.३७ मीटरवर खूण केलेली सरळ काठी. मोबाइलवर जीपीएस चालतं, पण दाट झाडीत ते काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. पाच-सात मिनिटं थांबून स्थिर झालेला आकडा घ्या.

नोंदवही कागदाचीच ठेवा. मोबाइलची बॅटरी आणि रेंज यांच्या भरवशावर पेठच्या डोंगरात जाऊ नये. रकाने असे: प्लॉट क्रमांक, झाड क्रमांक, स्थानिक नाव, घेर, घेर कुठल्या उंचीवर घेतला, झाडाची उंची, जिवंत की वाळलेलं, छाटणी, ढोली, शेरा.

टप्पा ४: पट्टे पाडा, मग प्लॉट ठरवा

इगतपुरी-त्र्यंबककडचं पावसाळी पानझडीचं रान आणि नांदगाव-येवल्याकडची कोरडी झुडपं एका सरासरीत बसत नाहीत. हे सगळ्यांना पटतं. पण एकाच गावच्या क्षेत्रातही दाट सागवन, विरळ माळ आणि ओढ्याकाठची झाडी असे तुकडे असतात, तिकडे दुर्लक्ष होतं. उपग्रह चित्रावर हे तुकडे आखा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढा आणि प्रत्येकात वेगळे प्लॉट टाका.

सरासरी काढताना क्षेत्रफळाचं वजन द्यायचं. समजा ४० हेक्टर दाट रानात हेक्टरी ८० टन आणि ११० हेक्टर विरळ रानात हेक्टरी २० टन बायोमास आला. सरळ सरासरी ५० टन, म्हणजे एकूण ७,५०० टन. खरा हिशोब असा: ४० × ८० अधिक ११० × २०, म्हणजे ५,४०० टन, हेक्टरी ३६. एवढ्या एका चुकीनं जवळजवळ चाळीस टक्के कार्बन हवेतून आला.

प्लॉट किती घ्यायचे? आधी चार-पाच प्लॉट करून त्यांच्यातला चढउतार बघा. त्यांचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, एक्सेलमध्ये STDEV) सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा. त्याला २ ने गुणा, चालेल तेवढ्या चुकीच्या टक्क्यांनी भागा आणि वर्ग करा. विचलन ५० टक्के असेल आणि २० टक्के चूक चालणार असेल, तर २ × ५० ÷ २० म्हणजे ५, त्याचा वर्ग २५ प्लॉट. चूक १० टक्क्यांवर आणायची तर १००. आकडा बघून घाम फुटतो, पण अचूकतेची किंमत एवढीच असते.

जागा संगणकावर यादृच्छिक बिंदू टाकून घरीच ठरवा.

सावधान: रानात गेल्यावर "इथं नुसतं गवत आहे, जरा पलीकडे घेऊ" असं कुणीतरी म्हणतंच. प्लॉट हलवायचा नाही. उघड्या जागेवर पडलेला प्लॉट हीसुद्धा त्या रानाची खरी माहिती आहे, आणि त्यात शून्य झाडं असतील तर शून्य लिहायचं. कडा किंवा जिवाला धोका असेल तरच पर्याय घ्या आणि तसं नोंदवा.

टप्पा ५: प्लॉट आखणे

०.१ हेक्टरचा चौकोन सोयीचा पडतो: प्रत्येक बाजू ३१.६२ मीटर. बाजूंनी आखत गेलात तर झाडंझुडपं आडवी येऊन चौकोन तिरका होतो. त्यापेक्षा मध्यबिंदूला खुंटी ठोका आणि तिथून ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य अशा चार दिशांना २२.३६ मीटर जा. चारही टोकांना खुंट्या ठोका आणि सुतळी फिरवा.

आता उताराचं बघू. क्षेत्रफळ नेहमी नकाशावरचं, म्हणजे आडवं धरलं जातं. ३० अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत टाकून ३१.६२ मीटर मोजलंत, तर आडवं अंतर भरतं २७.४ मीटर. प्लॉट तेरा टक्क्यांनी लहान झाला, तरी तुम्ही भागणार ०.१ हेक्टरनेच. बायोमास तेवढाच कमी दिसणार. ब्रह्मगिरी किंवा हरसूलच्या उतारांवर अशी चूक नकळत होते.

उपाय दोन. एक, टेप आडवा धरून पाच-पाच मीटरच्या पायऱ्यांनी उतरायचं: वरचा माणूस टेपचं टोक जमिनीला टेकवतो, खालचा टेप सरळ समांतर धरतो आणि ओळंबा सोडून खाली खूण करतो. दोन, उताराचा कोन मोजून अंतर वाढवायचं: हवं असलेलं अंतर भागिले कोनाची कोसाइन. २० अंशांवर ३१.६२ चे ३३.६५ होतात, ३० अंशांवर ३६.५१. ही कोसाइन फक्त उताराच्या दिशेतल्या अंतराला लावायची. उताराला आडव्या जाणाऱ्या बाजूला लावायची नाही, आणि तिरक्या कर्णाला त्या कर्णाच्या दिशेतला कोन मोजून लावायची. मला पायऱ्यांची पद्धत पसंत आहे, कारण तिच्यात डोकं कमी आणि हात जास्त चालतात.

तपासा: आखून झाल्यावर एक बाजू आणि एक कर्ण पुन्हा आडवं मोजा. बाजू ३१.६२, कर्ण ४४.७२. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा आखा. सीमेवरच्या झाडाच्या बुंध्याचा मध्य आत असेल तर झाड आत, नाहीतर बाहेर.

बारीक झाडांसाठी, म्हणजे ५ ते १० सेंटिमीटर व्यासाची, मोठ्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात १० × १० मीटरचा छोटा चौकोन घ्या. मोठ्या प्लॉटचा आकडा हेक्टरी करताना १० ने गुणायचा, छोट्याचा १०० ने. दोन्हींना एकच गुणक लावलेले तक्ते सर्रास सापडतात.

टप्पा ६: घेर

मोठ्या प्लॉटमध्ये ३१.४ सेंटिमीटर आणि त्याहून जास्त घेराची (म्हणजे १० सेंटिमीटर व्यासाची) सगळी झाडं घ्या. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. आपल्याकडे ती उंची १.३७ मीटर धरतात, आंतरराष्ट्रीय पद्धतीत १.३० धरतात. फरक किरकोळ पडतो, पण एकाच कामात दोन्ही मिसळू नका.

क्रम असा ठेवा. वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि पट्ट्यापट्ट्यानं पुढं जा. एक जण काठी लावणार, एक टेप फिरवणार, एक आकडा मोठ्यानं परत म्हणत लिहिणार. मोजलेल्या झाडावर लगेच गेरूची खूण, तीही नेहमी एकाच बाजूला. खूण नंतर करू म्हटलं की दोन झाडं सुटतात आणि एक दोनदा येतं.

काठी चढाकडच्या बाजूला, जमिनीला टेकवून लावायची. बुंध्याशी पाला साचला असेल तर तो बाजूला करून. टेप खोडाच्या अक्षाला काटकोनात, न लोंबता. वेल असेल तर टेप वेलीखालून घ्या, वेलीसकट घेर घेऊ नका. वाळलेली, सुटलेली साल हातानं काढून टाका.

नेहमी अडणाऱ्या जागा:

वाकलेलं झाड: १.३७ मीटर हे अंतर झुकलेल्या बाजूनं खोडालगत मोजा, जमिनीपासून उभं नको.

नेमकं १.३७ वर गाठ किंवा फुगवटा: त्याच्या वर, खोड सरळ होतं तिथं मोजा आणि ती उंची लिहा. जुन्या सागाच्या बुंध्याला खोल पन्हाळी असतात. त्या १.३७ च्या वर गेल्या असतील तर हाच नियम.

दुभागलेलं खोड: १.३७ च्या खाली फाटा असेल तर दोन खोडं, वर असेल तर एक. खुंटावरून आलेल्या सागाच्या फुटव्यांना हेच लागू. जाडीत बसणारा प्रत्येक फुटवा वेगळा मोजायचा आणि शेऱ्यात "एकाच खुंटावरचे" असं लिहायचं. सगळ्या फुटव्यांना मिळून एकदाच टेप गुंडाळलेला मी पाहिला आहे. त्यात मधली हवाही लाकूड म्हणून मोजली जाते.

बांबू, शिंदी, केळ यांना टप्पा १० मधलं बायोमासचं समीकरण लागू होत नाही. त्यांची वेगळी नोंद ठेवा.

तपासा: दर दहा झाडांनंतर एक झाड दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजायचं. घेरातली ५ टक्के चूक बायोमासमध्ये सुमारे १० टक्के होते, कारण तिथं व्यासाचा जवळजवळ वर्ग बसतो.

टप्पा ७: छाटलेली झाडं

हा टप्पा कुठल्याही तयार तक्त्यात सापडणार नाही, आणि आपल्या पट्ट्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. भात, नागली, वरईच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी सादड्याच्या (ऐनाच्या) आणि इतर झाडांच्या फांद्या उतरवतात. पाड्याजवळच्या रानात म्हणून असे सादडे दिसतात: खांबासारखं उंच खोड, अंगावर जागोजागी जुन्या घावांच्या गाठी, वर शेंड्याला पानांचा एक झुबका. बायोमासचं समीकरण बनवलं गेलं ते सहसा पूर्ण फांद्या असलेल्या झाडांवर. ते या खांबालाही सगळ्या फांद्या बहाल करतं.

म्हणून छाटणीच्या रकान्यात चारपैकी एक खूण करा: छाटणी नाही, पाव मुकुट (फांद्या-पानांचा पसारा) गेलेला, निम्मा गेलेला, जवळजवळ सगळा गेलेला. दोघांनी वेगवेगळा अंदाज सांगायचा आणि मग ठरवायचं.

शेवटच्या गटातल्या काही झाडांवर खोडाची प्रत्यक्ष मोजणी करा. झाडावर चढणारा सरावाचा माणूस आणि सुरक्षेचा दोर असेल तरच. खोडाचे दोन-दोन मीटरचे तुकडे कल्पून प्रत्येकाच्या मध्यावर घेर घ्यायचा. घेराचा वर्ग भागिले १२.५७, गुणिले तुकड्याची लांबी, म्हणजे त्या तुकड्याचं घनफळ (सगळं मीटरमध्ये).

समजा ११ मीटर उंचीच्या सादड्याचा १.३७ वरचा घेर १०० सेंटिमीटर आहे. मधले घेर खालून वर १०२, ९२, ८०, ६४ आणि शेवटच्या तीन मीटरच्या तुकड्याचा ३८. घनफळ येतं सुमारे ०.५० घनमीटर. लाकडाची घनता ०.७५ धरली तर ३७६ किलो. टप्पा १० मधलं समीकरण याच झाडाला ४५३ किलो देतं. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठंतरी, झुबका आणि थोटूक फांद्या मिळून.

अहवालात छाटलेल्या झाडांचे दोन्ही आकडे द्या, खालचा आणि वरचा. सरसकट "२० टक्के वजा केले" असं करू नका. तो टक्का कुठून आणला याचं उत्तर देता येणार नाही.

ढोलीच्या जुन्या मोहांचीही नोंद ठेवा. खोड वाजवून पाहिलं की पोकळ आवाज कळतो. वाळलेली उभी झाडं वेगळ्या यादीत जातात, जिवंत झाडांच्या बेरजेत नाही.

टप्पा ८: उंची

झाडाच्या उंचीएवढं तरी लांब उभं राहा. शेंडा आणि बुंधा दोन्ही दिसले पाहिजेत. अंतर आडवं मोजा. मग दोन कोन: शेंड्याचा आणि बुंध्याचा. बुंधा डोळ्याच्या पातळीखाली असेल तर दोन्ही टॅन्जेंटची बेरीज, बुंधा वर असेल (तुम्ही उताराखाली उभे असाल) तर वजाबाकी.

१५ मीटरवरून शेंडा ४० अंश वर, बुंधा ६ अंश खाली: ०.८३९ अधिक ०.१०५, गुणिले १५, म्हणजे १४.२ मीटर. तोच बुंधा ५ अंश वर असता तर उत्तर ११.३ मीटर आलं असतं. तिथं सवयीनं बेरीज केलीत तर १३.९ होतात.

सावधान: बऱ्याच क्लायनोमीटरवर अंश आणि टक्के अशा दोन पट्ट्या असतात. कुठली वाचली ते प्रत्येक पानावर लिहा. आणि एक्सेलचं टॅन हे फंक्शन कोन रेडियनमध्ये मागतं. अंश तसेच टाकलेत तर उणे उंचीची झाडं उगवतील. तेव्हा चूक निदान लक्षात तरी येते. पटण्यासारखा चुकीचा आकडा आला तर तीही येत नाही.

पसरट झाडांत, म्हणजे आंबा, वड, उंबर यांत नजर शेंड्याला न लागता जवळच्या फांदीच्या कडेला लागते आणि उंची फुगते. अशी झाडं दोन बाजूंनी मोजा.

सगळ्या झाडांची उंची घेणं जमलं नाही तर प्रत्येक घेरगटातून काही झाडं निवडा, घेर आणि उंचीचा आलेख काढा आणि बाकीच्यांची उंची त्यावरून घ्या. निवड करताना वाटेच्या कडेची, सहज दिसणारी झाडं तेवढी घेऊ नका. मोकळ्यावरचं झाड बुटकं आणि जाड असतं.

टप्पा ९: ओळख आणि लाकडाची घनता

गावातला जाणता माणूस बरोबर हवाच. तरी त्यानं सांगितलेलं नाव, पानाचा आणि सालीचा फोटो, असं तिन्ही ठेवा. सादडा आणि ऐन एकच, पण तक्त्यात ते दोन प्रजाती म्हणून येतात. उलट, घाटावरचा सदाहरित अंजन वेगळा आणि खानदेशाकडचा मोठा वृक्ष अंजन वेगळा. गावी परतल्यावर यादी बसून एकसारखी करा.

समीकरणाला लागते ती मूळ घनता: भट्टीत पूर्ण वाळवलेलं वजन भागिले ओल्या लाकडाचं घनफळ. प्रकाशित तक्त्यांत आपल्याकडच्या झाडांची ती साधारण अशी आहे: साग ०.५५, सादडा ०.७३ ते ०.७७, धावडा ०.७८, बिबळा ०.६७, पळस ०.४८, काटेसावर ०.३३. एकच सरासरी सगळ्यांना लावलीत तर सावर दुप्पट जड होते आणि धावडा हलका.

सावधान: लाकूड व्यापाराच्या तक्त्यांत १२ टक्के ओलाव्याची घनता असते. सागाची ती ०.६५ च्या आसपास दिसते. तीच वापरलीत तर झाड सुमारे १८ टक्क्यांनी जड होतं. अशा आकड्याला ०.८२८ ने गुणलं की मूळ घनता मिळते. तक्ता घेताना "कुठल्या ओलाव्याची" हे वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. न ओळखलेल्या झाडाला त्या प्लॉटची सरासरी घनता द्या.

टप्पा १०: एका झाडाचं गणित

जेरोम शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेलं समीकरण उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या ४,००४ तोडून मोजलेल्या झाडांवर बेतलेलं आहे:

जमिनीवरचा बायोमास (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यास × व्यास × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. व्यास म्हणजे घेर भागिले ३.१४१६.

साग, घेर ९४ सेंटिमीटर, उंची १४ मीटर. व्यास २९.९. कंसातला गुणाकार ०.५५ × ८९५ × १४, सुमारे ६,८९०. उत्तर ३७५ किलो. हे एक झाड तुमच्या तक्त्याच्या पहिल्या ओळीत टाका. ३७५ आलं नाही तर पुढं जाऊ नका.

घेरच व्यास म्हणून टाकलात तर हेच झाड साडेतीन टनांचं होतं, नऊपटीहून जास्त. म्हणून तक्त्यात घेराचा आणि व्यासाचा रकाना वेगळा ठेवा आणि व्यास नेहमी सूत्रानंच येऊ द्या.

या समीकरणात फांद्या आणि पानं धरलेली आहेत. त्यावर परत फांद्यांचा विस्तार गुणक (खोडाच्या वजनावरून पूर्ण झाडाचं वजन काढणारा) लावायचा नाही. भारतीय वन सर्वेक्षणाची प्रजातीनिहाय घनफळ समीकरणं वापरणार असाल तर तिथं घनता आणि विस्तार गुणक लागतात. दोन्हींपैकी एकच वाट धरा. निम्मी झाडं एका पद्धतीनं आणि निम्मी दुसरीनं, असं केलंत तर प्लॉटांची तुलनाच उरत नाही.

टप्पा ११: हेक्टरी आकडा, मुळं, कार्बन

प्लॉटमधल्या झाडांची बेरीज किलोत येते. ती हेक्टरी करा, १,००० ने भागून टन करा. मुळं यानंतर. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेत मुळांचं जमिनीवरच्या बायोमासशी प्रमाण असं दिलेलं आहे: दमट पानझडी रानात हेक्टरी १२५ टनांपेक्षा कमी बायोमास असेल तर ०.२०, जास्त असेल तर ०.२४. कोरड्या रानात २० टनांपेक्षा जास्त असेल तर ०.२८, कमी असेल तर ०.५६. २०१९ मध्ये या आकड्यांत सुधारणा झाली आहे, तेव्हा कुठल्या वर्षाचे वापरले ते लिहा. या मर्यादा हेक्टरी आहेत. एकेका झाडाला लावायच्या नाहीत.

दमट रानात हेक्टरी ६२ टन आले असतील तर मुळं १२.४, एकूण ७४.४ टन. त्याला ०.४७ ने गुणून कार्बन ३५ टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ४४ भागिले १२ ने गुणा: १२८ टन. प्रत्येक आकड्याशेजारी बायोमास, कार्बन की कार्बन डायऑक्साइड हे लिहा. तिन्हींना सरसकट "कार्बन" म्हटल्यानं एकाच रानाचे तीन आकडे गावभर फिरतात.

टप्पा १२: चूकमर्यादा आणि नोंदी जपणं

समजा पाच प्लॉटांत हेक्टरी ६२, ४८, ९१, ३५, ७४ टन आले. सरासरी ६२. प्रमाण विचलन २१.९, ते ५ च्या वर्गमुळानं भागलं की प्रमाण त्रुटी ९.८. पाच प्लॉटांसाठी ९५ टक्के खात्रीचा गुणक २.७८ आहे, म्हणून मर्यादा ६२ अधिक-उणे २७. म्हणजे रानाची खरी सरासरी ३५ ते ८९ मध्ये कुठंही असू शकते. "६२.३७ टन" असं दोन दशांशांत छापण्याची हौस इथं फिटावी. आणखी आठ-नऊ प्लॉट घातले तर ही मर्यादा २० टक्क्यांच्या आसपास येते. ही फक्त नमुन्याची चूक झाली. समीकरणाची आणि छाटणीची त्यात धरलेली नाही, हेही एका ओळीत लिहा.

मूळ नोंदवहीचे फोटो, बिंदूंचे अक्षांश-रेखांश, वापरलेल्या घनता आणि समीकरण, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत ग्रामसभेकडे द्या. प्लॉट पुन्हा मोजायचे असतील तर मध्यबिंदूला दगडांची रास आणि जवळच्या दोन मोठ्या झाडांपर्यंतचं अंतर व दिशा नोंदवा, कारण लोखंडी खुंटी पुढच्या वर्षी जागेवर सापडेलच असं नाही. झाडांना क्रमांकाचे पत्रे लावायला परवानगी असेल तर खिळा १.३७ वर ठोकू नका. तिथं गाठ धरते आणि पुढच्या मोजणीत घेर फुगतो. खिळा एक हात वर, आणि वाढीला जागा राहावी म्हणून निम्मा बाहेर.